चौदा कॅनव्हास, काळा रंग आणि कोरं कापड

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईतल्या एका छोट्या चॅपलसाठी क्रुसाच्या वाटेची (ख्रिस्ताच्या शिक्षेपासून कबरीपर्यंतचे चौदा प्रसंग, त्यांना स्थानं म्हणतात) चौदा चित्रं करायची आहेत. चित्रकार स्वतः ख्रिस्ती नाही. माणसांच्या आकृत्या त्याला नको आहेत. अमेरिकन अमूर्त चित्रकार बार्नेट न्यूमनची चौदा काळी-पांढरी चित्रं त्याने छापील स्वरूपात पाहिली आहेत आणि त्या वाटेने जायचा विचार आहे. त्याने विचारलंय की ख्रिस्ताचं दुःख अमूर्तात दाखवायचं कसं, निदान क्रुसाचा आकार तरी घालावा का, आणि कोऱ्या कॅनव्हासवर टेप लावून रंगवताना काळा रंग टेपखालून पसरला, टेप काढताना कडाही फाटल्या, तर कुठे चुकलं.

टेपचं उत्तर लांब आहे आणि ते मी देणारच आहे. पण आधी पहिला प्रश्न, कारण तो आहे तसा ठेवला तर टेप कितीही नीट लावली तरी काम फसेल.

गोची ‘दाखवायचं’ या शब्दात आहे. काळा म्हणजे शोक, लाल म्हणजे रक्त, तिरकी रेघ म्हणजे ख्रिस्ताचं पडणं, असा कोश एकदा तयार केला की बघणारा दोन सेकंदांत तो वाचतो आणि पुढे सरकतो. मग साध्या आकृतीच्या चित्रापेक्षाही ते लवकर संपतं, कारण आकृतीत निदान चेहरा तरी असतो. गोव्याचे चित्रकार एफ. एन. सूझा यांचं १९५९ सालचं ‘क्रूसिफिक्शन’ (लंडनच्या टेट संग्रहालयात आहे) बघा. साळगावात जन्मलेल्या, चर्चच्या सावलीत वाढलेल्या या माणसाने रेघेलाच काट्यासारखं वापरलं, पण ती रेघ शरीरावर उमटते, म्हणून बोचते. तुम्ही शरीर काढून टाकणार असाल तर बोचणारं दुसरं काहीतरी उभं करावं लागेल. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न असा आहे: चौदा वेळा थांबणाऱ्या माणसासमोर चौदा चित्रं एक काम म्हणून कशी उभी राहतील, आणि तरी कुठलंही चित्र आधीच्याची नक्कल कसं वाटणार नाही?

न्यूमनने हे कसं सोडवलं ते नीट समजून घ्या, कारण पुस्तकातल्या तळहाताएवढ्या छपाईत त्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही. १९५७च्या अखेरीस त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठल्यावर, १९५८च्या सुरुवातीला, त्याने पहिले दोन कॅनव्हास केले. तेव्हा डोक्यात क्रुसाची वाट वगैरे नव्हती. ही मालिका ‘स्टेशन्स ऑफ द क्रॉस’ होणार हे त्याला चौथ्या चित्रावर काम करताना, म्हणजे १९६०मध्ये, उमगलं. शेवटची चित्रं १९६६ला पुरी झाली. चौदा चित्रांना आठ वर्षं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ती लागली, आणि नाव व चित्रं यांचा संबंधच काय, असं अनेक समीक्षकांनी म्हटलं. आता ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये एकत्र असतात.

मालिकेचं उपशीर्षक ‘लेमा सबखथनी’. आपल्या मराठी बायबलात मत्तयच्या २७व्या अध्यायात ती ओळ आहे: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मुळात ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ. न्यूमन ज्यू होता. त्याच्यापुरती ही चौदा प्रसंगांची गोष्ट नव्हतीच. तो एकच प्रश्न होता, चौदा कॅनव्हासभर चालू राहिलेला. त्यामुळे त्याच्या सहाव्या चित्रात वेरोनिका (सहाव्या स्थानात ख्रिस्ताचा चेहरा पुसणारी बाई) शोधू नका, सापडणार नाही.

इथे तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागेल, आणि तो परिस्थितीवर अवलंबून आहे. संग्रहालयात एकच आक्रोश चालतो. चॅपलमध्ये ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी फादर प्रत्येक स्थानाचं नाव घेतात, लोक गुडघे टेकतात, प्रार्थना म्हणतात, पुढे जातात. त्यांच्या तोंडी ‘येशू दुसऱ्यांदा पडतो’ हे शब्द असतात आणि समोर तुमचं चित्र. चित्राने ते शब्द सांगायची गरज नाही, पण ते त्या शब्दांना बहिरं असूनही चालणार नाही. नुसत्या प्रदर्शनासाठी काम असतं तर मी न्यूमनचीच वाट धरा म्हटलं असतं. प्रार्थनेसाठी असेल तर थोडं वळावं लागेल, ते पुढे सांगतो.

क्रुसाचा आकार घालू नका. याचं कारण सौंदर्याचं कमी आणि नियमाचं जास्त आहे, आणि ते फारच थोड्या चित्रकारांना माहीत असतं. कॅथॉलिक चर्चच्या रीतीप्रमाणे क्रुसाची वाट उभारायला आवश्यक असतात ते चौदा क्रूस. परंपरेने ते लाकडाचे असतात. चित्रं किंवा मूर्ती ही जोड आहे, प्रथा आहे, अट नाही. म्हणजे प्रत्येक कॅनव्हासशेजारी दहा-बारा सेंटिमीटरचा सागवानी क्रूस असणारच आहे. तुमच्या चित्रात आणखी एक आडवी-उभी फुली आली की ते चित्र त्या क्रुसाची मोठी आवृत्ती होतं, रस्त्यावरच्या पाटीसारखं. न्यूमनच्या चित्रांत उभ्या रेघा आहेत, आडवी छेदणारी एकही नाही. फादरांशी बोलताना हा चौदा क्रुसांचा मुद्दा आधी मांडा. ‘हे क्रुसाची वाट म्हणून चालेल का’ या शंकेचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. उरलेलं अर्धं धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) लोकांकडून मिळवावं लागतं. फ्रान्समध्ये आसीच्या चर्चमधला शिल्पकार जेर्मेन रिशिएने घडवलेला क्रुसावरचा ख्रिस्त १९५१मध्ये बिशपांच्या आदेशाने वेदीवरून हटवला गेला होता, पुढे कित्येक वर्षांनी तो परत आला. तेव्हा कॅनव्हास ताणण्याआधी कागदी नमुना दाखवा आणि होकार लेखी घ्या.

आकडेही लिहा. फ्रेंच चित्रकार मातिसने दक्षिण फ्रान्समधल्या वांसच्या चॅपलमध्ये (१९५१) चौदाही स्थानं एकाच भिंतीवर, पांढऱ्या टाइल्सवर काळ्या रेघांनी काढली. ती इतकी ओबडधोबड आहेत की लोक गोंधळले असते, पण त्याने प्रत्येकाजवळ आकडा टाकला. तुम्ही आकडा क्रुसाखालच्या लाकडी पट्टीवर टाका, कॅनव्हासवर नको.

आता माप. न्यूमनचे कॅनव्हास सुमारे १९८ × १५२ सेंटिमीटर. उंच माणूस हात थोडे पसरून उभा राहिला तर साधारण तेवढी जागा व्यापतो, आणि त्या चित्रांचा निम्मा परिणाम या मापात आहे. पण सात चित्रं एका भिंतीवर लावायची तर नुसती रुंदीच साडेदहा मीटरच्या वर जाते, अंतरं वेगळीच. छोट्या चॅपलमध्ये हे बसत नाही. प्रमाण तेच ठेवून (१३ : १०) ११७ × ९० घ्या. सात चित्रांचे ६.३ मीटर, मधली सहा अंतरं प्रत्येकी ४५ सेंटिमीटर म्हणजे २.७, एकूण बरोबर ९ मीटर. भिंत याहून लहान असेल तर अंतर ३० पर्यंत आणा, पण चित्राची रुंदी ९० च्या खाली नेऊ नका. त्याखाली उभी पट्टी हमखास मुखपृष्ठाच्या डिझाइनसारखी दिसायला लागते.

एक चूक इथे सगळेच करतात: माप कमी केलं की रेघेची जाडीही त्याच प्रमाणात कमी करतात. रेघ डोळ्याला हाताच्या मापाने कळते, कॅनव्हासच्या टक्केवारीने नाही. बोटाएवढी रेघ बोटाएवढीच ठेवा. बदलायचं तर तिचं कडेपासूनचं अंतर बदला. हे कागदावर ठरवता येतं. ११.७ × ९ सेंटिमीटरची चौदा कार्डं खाकी कागदाची कापा, म्हणजे कोऱ्या कापडाच्या रंगाच्या जवळ जाल. काळ्या कागदाच्या पट्ट्या न चिकटवता त्यावर सरकवत राहा. त्यातून फक्त वाटण्या कळतात, जाड्या नाही. जाडीसाठी एक पूर्ण मापाचा खाकी कागद भिंतीवर लावून, काळ्या पट्ट्या टाचणीने अडकवून, चार मीटरवरून बघा.

कापड. न प्रायमर केलेलं सुती डक (जाड, घट्ट विणीचं कॅनव्हासचं कापड), साधारण ४०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, १८३ सेंटिमीटर पन्ह्याचा रोल. प्रत्येक चित्राला चारी बाजूंनी १२ सेंटिमीटर दुमड धरली तर १४१ × ११४ चा तुकडा लागतो. १४१ पन्ह्यात बसवा, लांबीत ११४ घ्या. चौदा चित्रं आणि तीन वाया जाणारी (जाणारच) धरून १९.४ मीटर होतात, म्हणजे २० मीटर रोल. पन्ह्यात उरलेली ४२ सेंटिमीटरची पट्टी फेकू नका, सगळे प्रयोग तिच्यावर करायचे. सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. ताणा-बाणा फिरला तर कोऱ्या कापडाची झाक बदलते, आणि सात चित्रं ओळीत लागल्यावर ते लगेच दिसतं. खूप पांढरंशुभ्र कापड घेऊ नका, त्यात चकाकी आणणारं रसायन असतं, ते उडालं की कापड डागाळल्यासारखं पिवळं पडतं. रोल घडी न घालता आणा. घडीची रेघ कोऱ्या कापडावरून पूर्णपणे जात नाही. सरकीचे काळे ठिपके आधीच बघून घ्या. आणि हातमोजे. रंगवलेल्या भागावरचा घामाचा डाग पुसता येतो, कोऱ्या कापडावरचा कायमचा राहतो.

चौकट सुकलेल्या लाकडाची, ४० मिलिमीटर खोल, मधे एक आडवी पट्टी, कोपऱ्यात पाचरी. पुढच्या बाजूला आतल्या कडेला उतार हवाच, नाहीतर लाकडाची कड कापडावर उमटते आणि तुमच्या रेघांमध्ये एक न मागितलेली रेघ येते. कोकणातल्या पावसाळ्यात कापड सैल पडतं, म्हणून पाचरी गोंदाने पक्क्या करू नका.

कोरं कापड हा तुमचा तिसरा रंग आहे, हे या सगळ्या कामाचं मर्म. न्यूमनने काळा आणि पांढरा लावला, पण ज्याला आपण पार्श्वभूमी म्हणू ते नुसतं कापड आहे. ते तपकिरी-पिवळसर, उबदार, किंचित कातडीसारखं. काळा त्यावर बसतो तेव्हा तो भिंतीवरच्या काळ्यासारखा थंड राहत नाही. पहिल्या चित्राच्या उजव्या बाजूला जवळून बघण्यासारखी एक जागा आहे. टेप लावून कोरी ठेवलेली एक बारीक उभी रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने घासलेले काळे फटकारे, पिसासारखे विस्कटलेले. रेघ धारदार, तिच्याभोवतीचा काळा धुरकट. म्हणजे रेघ ‘काढलेली’ नाही. रंग लागला नाही म्हणून ती उरली. डाव्या कडेचा काळा पट्टा मात्र भरीव, सपाट. एकाच चित्रात दोन स्वभाव. बोचणारं दुसरं काहीतरी म्हणालो ना, ते हे.

हे करायला टेप समजावी लागते. तुमच्या दोन तक्रारी दोन वेगळ्या चुकांच्या आहेत.

रंग पसरला, कारण जाड विणीच्या कापडावर टेप धाग्यांच्या टोकांवर बसते आणि धाग्यांमधल्या खोलगट जागा उघड्या राहतात. पातळ रंग तिथून आत शिरतो. उपाय असा: साधी २४ मिलिमीटरची कागदी मास्किंग टेप घ्या (पॅकिंगची गुळगुळीत टेप नको), कड चमच्याच्या पाठीने घासून बसवा. मग रंगाऐवजी आधी पारदर्शक मॅट ॲक्रिलिक मीडियमचा (रंगद्रव्य नसलेल्या ॲक्रिलिकचा) पातळ हात टेपच्या कडेवरून द्या. जे काही आत शिरायचं ते पारदर्शक शिरेल आणि खोलगट जागा बंद करेल. कोरड्या हवेत अर्धा-पाऊण तास, जूनमध्ये दोन तास धरा. दुसरा हात द्या. त्यानंतर काळा. कुंचला नेहमी टेपवरून बाहेरच्या दिशेने ओढा. उलट दिशेने ओढला तर रंग कडेखाली ढकलला जातो.

कडा फाटल्या, कारण जाड थर पूर्ण वाळल्यावर टेप काढली. ॲक्रिलिक वाळलं की रबरासारखा पापुद्रा होतो, आणि तो टेपवरून कापडापर्यंत सलग असतो. तो टेपबरोबरच ओढला जातो. रंगाची ओली चमक गेली पण बोट लावल्यावर अजून गार लागतंय, तेव्हा टेप काढायची, स्वतःवरच दुमडत, सावकाश. दोन हात लागणार असतील तर पहिल्यानंतर काढा आणि दुसऱ्यासाठी नवी लावा. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. आणि टेप रात्रभरापेक्षा जास्त ठेवू नका. आपल्याकडच्या उष्म्यात तिचा डिंक कापडात उतरतो, तेव्हा काही दिसत नाही, वर्षभराने त्या जागी धूळ धरून करडी पट्टी उमटते.

धुरकट कडेसाठी मात्र मीडियमने सील करू नका. दोन इंची डुकराच्या केसांचा कुंचला, ट्यूबमधला रंग पाणी न घालता, वर्तमानपत्रावर पुसून जवळजवळ कोरडा केलेला, आणि टेपला तिरपे फटकारे. आधी ४२ सेंटिमीटरच्या पट्टीवर हात बसवा, कारण कापडावर खोडणं नाही. चुकलेला फटकारा झाकायला गेलात की तिथे दुरुस्ती दिसते आणि पूर्ण चित्र खोटं वाटायला लागतं. असा कॅनव्हास बाजूला काढा. ते तीन जादा तुकडे त्यासाठीच आहेत.

कापड अगदी कोरं ठेवायचं की संरक्षक हात द्यायचा? संग्रहालयासाठी कोरं ठेवा म्हणेन. वसईच्या चॅपलमध्ये मेणबत्त्या, धूप, दमट हवा आणि पंखे आहेत. तिथे मॅट मीडियम आणि पाणी समप्रमाणात मिसळून दोन पातळ हात द्या. कापड किंचित गडद होतं आणि थोडा कोरेपणा जातो, हे मान्य करा. चौदाही कॅनव्हास एकाच बनवलेल्या मिश्रणाने, एकाच दिवशी. जनावरी सरसाचं अस्तर वापरू नका. सरस ओल शोषतो आणि बुरशीला खाऊ घालतो. ऑइल वापरणार असाल तर हे दोन हात ऐच्छिक नाहीत. नुसत्या सुती कापडावर ऑइल रंग लावला की रंगाभोवती तेलाचं पिवळं वलय फुटतं आणि कालांतराने धागा ठिसूळ होतो.

काळ्याबद्दल थोडक्यात, कारण हा रंग लोक गृहीत धरतात. आयव्हरी ब्लॅक उबदार, किंचित तपकिरी, ऑइलमध्ये फार सावकाश सुकतो. मार्स ब्लॅक दाट, मॅट, लवकर सुकणारा. कार्बन ब्लॅक निळसर आणि जोरदार. न्यूमनने या मालिकेत मॅग्ना (टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा सुरुवातीचा ॲक्रिलिक रंग), ऑइल, ॲक्रिलिक आणि ड्यूको (गाड्यांना लावायचा रंग) अशी वेगवेगळी माध्यमं वापरली, म्हणून त्याचे काळे एकसारखे चमकत नाहीत. तुम्ही दोनच घ्या. सपाट पट्ट्यांना मार्स, धुरकट जागांना आयव्हरी. सपाट पट्टा भरताना मधेच थांबू नका. अर्धवट सुकलेल्या कडेवर पुन्हा कुंचला आला की चमकणारा पट्टा उमटतो, आणि बाजूने प्रकाश पडल्यावर प्रार्थनेला आलेल्या माणसाला तेवढाच दिसतो. पूर्ण काळा कॅनव्हास साधारण एक चौरस मीटर आहे. कापडात शोषलं जाणारं धरून पहिल्या हाताला २५० ते ३०० मिलिलिटर रंग एकाच भांड्यात कालवून ठेवा.

आता ते वळण. चौदा स्थानांच्या पारंपरिक यादीत ख्रिस्त तीनदा पडतो: तिसरं, सातवं आणि नववं. अमूर्त काम करणाऱ्याला याहून चांगली रचना फुकट मिळणार नाही. ही तीन चित्रं एकमेकांची यमकं करा. तीच वाटणी, तीच रेघ, पण दर वेळी काळा भाग कडेपासून आत सरकलेला, आणि नवव्यात टेप सील न करता सोडलेली. बाकीच्या स्थानांना प्रसंगाप्रमाणे चिन्हं देऊ नका. चौथ्यात आई भेटते म्हणून दोन रेघा, पाचव्यात शिमोन खांदा देतो म्हणून तिसरी, असं सुरू झालं की पुन्हा कोशावर आलात. तीन पडण्यांचा ठेका बसला की बघणारा बाकीची चित्रं त्या ठेक्यावर मोजतो, एवढं पुरतं.

बारावं म्हणजे मरण. न्यूमननेही बाराव्या आणि तेराव्यात काळा मोठ्या प्रमाणावर येऊ दिला आणि चौदाव्यात तो पूर्ण काढून टाकला: कबरीच्या जागी फिकट, जवळजवळ पांढरं चित्र. हे उचलायचं असेल तर एक धोका लक्षात ठेवा. कोरं सुती कापड वर्षानुवर्षांनी पिवळं होत जातं, टायटॅनियम पांढरा तसा होत नाही. आज जो फरक जेमतेम दिसतो तो वीस वर्षांनी ठळक होईल. म्हणून चौदाव्यातला पांढरा कापडाच्या जवळ नेऊ नका, आत्ताच स्पष्ट वेगळा ठेवा. प्रदर्शनात न्यूमनने या चौदांच्या जोडीला ‘बी टू’ नावाचं पंधरावं चित्र लावलं होतं, त्याच्या एका कडेला नारिंगी-लाल बारीक पट्टी आहे. तुमचे फादर पुनरुत्थानाचं पंधरावं स्थान मागण्याची शक्यता आहेच. रंग तोपर्यंत राखून ठेवा.

टांगणी आणि उजेड. गुडघे टेकल्यावर डोळे दीडशे सेंटिमीटरवरून एकशे दहाच्या आसपास येतात. चित्राचा तळ जमिनीपासून ७२ वर ठेवा, म्हणजे मध्य १३० वर येतो आणि दोन्ही उंचीवरून चित्र पुरतं. गर्दी असली की लोक बाकांजवळच राहतात आणि वळून बघतात, फिरतात ते फादर आणि क्रूस धरणारे. म्हणून बाकावरून, तिरकं, चार-पाच मीटरवरून काय दिसतं तेही तपासा. भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर सोडा, मागून हवा खेळू द्या. पश्चिमेच्या पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर टांगू नका. काच लावू नका, तिच्यात समोरची ट्यूबलाइट दिसते.

उजेडाचा धडा ह्यूस्टनच्या रॉथ्को चॅपलचा. अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्कोने तिथली चौदा चित्रं न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत केली. चॅपलच्या भिंतींचा पूर्ण मापाचा नमुना उभारून, छतातल्या काचेखाली पॅराशूटचं कापड ताणून त्याने उजेड मऊ केला होता. तो फेब्रुवारी १९७० मध्ये गेला, चॅपल १९७१ मध्ये खुलं झालं. टेक्सासचं ऊन न्यूयॉर्कच्या उजेडासारखं नव्हतंच. गडद चित्रं वरच्या झगमगाटात बुजायला लागली, मग पडदे, आडोसे असे उपाय होत राहिले आणि २०२०मध्ये नवं छत-उजेडाचं काम पुरं झालं. शिवाय त्याने काळ्या थरात अंडं आणि तेल मिसळलं होतं, त्यावर पुढे पांढुरकी झाक धरली. घरगुती मिश्रणांचा मोह होतो, म्हणून सांगतो. तुमच्यासाठी अर्थ साधा आहे. स्टुडिओतल्या उजेडात काळा पक्का करू नका. एक पूर्ण झालेला नमुना तुकडा चॅपलमध्ये न्या, सकाळी, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी आणि ट्यूबलाइट लावून बघा. काळा तिथे करडा दिसत असेल तर रंग बदलण्याआधी दिवा बदला.

ख्रिस्ती नसण्याबद्दल. न्यूमन ज्यू होता, रॉथ्कोही. त्याने काम अडलं नाही. पण दोघांनी मजकूर गंभीरपणे घेतला. चित्राला हात घालण्याआधी एका उपवासकाळात शुक्रवारची क्रुसाची वाट शेवटच्या बाकावर बसून पूर्ण ऐका, आणि घड्याळ लावून नोंदवा की प्रत्येक स्थानाला लोक किती वेळ थांबतात. मग तुमचा खाकी कागदाचा पूर्ण मापाचा नमुना तेवढाच वेळ समोर ठेवून बघा. त्या वेळात नजर कंटाळून कडेला जात असेल तर रेघेची जागा चुकली आहे. पट्टी काढा आणि पाच सेंटिमीटर आत घ्या.